मोठ्या मत्स्यपेटीचा संसार

दोन फुटांची मत्स्यपेटी घरात येऊन वर्ष-दीड वर्ष लोटले, की बहुतेक कुटुंबांत एक प्रश्न हमखास निघतो : ‘आता मोठी घ्यावयाची का?’ मुलांचे मत अगोदरच ठरलेले असते. वडील खर्चाचा अंदाज घेऊ लागतात आणि दिवाणखान्यातील कोणती वस्तू हलवावी लागणार, याचा विचार गृहिणीच्या मनात सुरू होतो. चार फुटांची पेटी, तिच्यात डुलणाऱ्या हिरव्या वनस्पती आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थव्याने फिरणारे मासे, हे चित्र मोहक आहे यात शंका नाही. परंतु मोठी मत्स्यपेटी हा काही मोठा आरसा किंवा मोठे कपाट नव्हे. ती आणणे म्हणजे काही मुक्या जीवांचे घर बदलणे होय. माणूस नव्या घरी गेला आणि तेथील हवा त्याला मानवली नाही, तर तो तसे बोलून तरी दाखवतो. माशाला ती सोय नाही. त्याची तक्रार आपल्याला कळते ती बहुधा तो पाण्यावर तरंगू लागल्यावरच. म्हणून पेटी विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

पाण्याचे गणित

प्रथम हिशेब पाहू. समजा, आपली सध्याची पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच आहे. काठाखाली तीन सेंटिमीटर जागा सोडली, तर तिच्यात सुमारे ४९ लिटर पाणी मावते. आता १२० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच पेटी घ्या. तिच्यात ४५ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरले, तर ते २४३ लिटर होते. लांबी केवळ दुप्पट झाली. पाणी मात्र पाचपट झाले. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना लांबी दिसते, पण माशाला जगवते ते पाणी, हे सूत्र पक्के लक्षात ठेवावे.

पाणी पाचपट झाले म्हणजे काम पाचपट होईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. वास्तविक गोष्ट जवळजवळ उलट आहे. मासे तेवढेच राहिले, तर त्यांच्या शरीरातून बाहेर पडणारी घाण पाचपट पाण्यात विरते. ती साठून घातक पातळी गाठावयास अधिक वेळ लागतो. मुलांच्या हातून खाद्य थोडे जास्त पडले किंवा एखादा मासा वनस्पतींच्या आड मरून रात्रभर तसाच राहिला, तर लहान पेटीत अनर्थ ओढवतो. मोठ्या पेटीत तोच प्रमाद बहुधा निभावून जातो. तापमानाचेही तसेच आहे. तांब्यातले पाणी लवकर निवते, हंड्यातले उशिरा. नागपूरची दुपार असो वा दिल्लीची पौषातली रात्र असो, मोठ्या पेटीतील पाणी चढ-उतार सावकाश करते, आणि माशांना सावकाशपणा मानवतो.

पण या लाभाला एक अट आहे. पाणी पाचपट झाले म्हणून मासेही पाचपट केले, तर गणित पुन्हा जेथल्या तेथे येते. मोठी पेटी घेणाऱ्यांपैकी अनेकांचे येथेच चुकते. पेटी रिकामी-रिकामी वाटते म्हणून पहिल्याच आठवड्यात पिशव्या भरून मासे आणले जातात, आणि ज्या सुखासाठी एवढा खर्च केला ते सुख पाण्यात जाते.

अदृश्य कामकरी

हे असे का घडते, ते समजण्यासाठी पाण्यातील एका अदृश्य कारखान्याची ओळख करून घेतली पाहिजे. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसेच उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून अमोनिया निर्माण होतो. तो माशांना विषारी असतो. काही जीवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते. दुसऱ्या प्रकारचे जीवाणू या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. त्यातील काही भाग वनस्पती शोषून घेतात आणि उरलेला आपण पाणी बदलून काढून टाकतो. नायट्राइटवर काम करणारे जीवाणू ‘नायट्रोबॅक्टर’ कुळातील असावेत, असे दीर्घकाळ मानले जात होते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांत हे काम मुख्यतः ‘नायट्रोस्पायरा’ या वेगळ्याच जीवाणूंकडे असते, असे दाखवून दिले.

आता महत्त्वाचा मुद्दा असा, की हे कामकरी पाण्यात तरंगत नसतात. ते गाळणीच्या स्पंजावर, वाळूच्या कणांवर आणि दगडांच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. त्यामुळे ‘जुने पाणी नव्या पेटीत ओतले म्हणजे झाले’ हा समज खरा नाही. नव्या पेटीत हे जीवाणू अगदी शून्यापासून वाढू लागले, तर पुरेसे होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया आणि नायट्राइट साठत राहतात. नव्या पेटीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे पटापट मरतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. दृष्ट लागली म्हणून नव्हे आणि पेटी अपशकुनी म्हणूनही नव्हे.

आपल्या गावचे पाणी कसे आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असते. अमोनियाचे जे रूप माशांना विशेष घातक असते, त्याचे प्रमाण पाण्याच्या क्षारधर्माबरोबर वाढत जाते. २५ अंश सेल्सिअस तापमानात पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग या घातक रूपात असतो. पीएच ८ झाला, की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो; म्हणजे जवळजवळ दसपट. विंधन विहिरीचे जड पाणी वापरणाऱ्या कुटुंबांनी यासाठी अधिक सावध राहावे. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तपासण्याचे लहान संच माशांच्या दुकानांत मिळतात. शोभेच्या किल्ल्यावर आणि रंगीत खड्यांवर खर्च करण्याआधी असा एक संच घ्यावा.

या समतोलाचा शोध माणसाला फार जुना नाही. १८५० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या, आणि ती लहानशी सृष्टी तग धरून राहिली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मासे पाहण्यासाठी स्वतंत्र दालन उघडले गेले. आपल्याकडे मुंबईच्या चौपाटीलगत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी काचेआडचे मासे प्रथम तेथे पाहिले.

वजन आणि जागा

आता पेटी ठेवावयाची कोठे? २४३ लिटर पाण्याचे वजन २४३ किलो. १० मिलिमीटर जाडीच्या काचेची ही पेटी स्वतःच सुमारे ५५ किलो भरते. तळाशी पाच सेंटिमीटर वाळू पसरली, तर तिचे चाळीस किलोंहून अधिक. त्यात दगड आणि खालची घडवंची धरली, की एकूण भार साडेतीनशे किलोंच्या घरात जातो. पाच-सहा धडधाकट माणसे दिवाणखान्याच्या एकाच कोपऱ्यात अहोरात्र, वर्षानुवर्षे उभी आहेत, अशी कल्पना करा. भारतीय मानकानुसार निवासी खोल्यांच्या जमिनीचा आराखडा करताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो चलभार धरला जातो. आपल्या पेटीचा भार तिच्या पायाखालच्या चौरस मीटरला सहाशे किलोंहून जास्त होतो. हा भार थोड्या जागेपुरता असल्याने जमीन लगेच खचते असे नव्हे. तो आजूबाजूच्या भागात वाटला जातो. तथापि, पेटी खोलीच्या मध्यभागी न ठेवता तुळईच्या जवळ आणि भिंतीलगत ठेवावी. इमारत जुनी असेल, जमीन लाकडी तुळयांवरची असेल किंवा पेटी सज्जात ठेवण्याचा विचार असेल, तर इमारतीचा आराखडा जाणणाऱ्या अभियंत्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये. एका भेटीचे शुल्क घराच्या सुरक्षिततेपुढे नगण्य आहे.

काचेवरील दाब हाही समजून घेण्याजोगा विषय आहे. पाण्याचा दाब पाणी किती आहे यावर नव्हे, तर ते किती खोल आहे यावर ठरतो. लहान पेटीच्या समोरच्या काचेवर पाणी एकूण सुमारे २२ किलोंचा जोर देते. आपल्या मोठ्या पेटीच्या समोरच्या काचेवर हाच जोर १२० किलोंच्या पुढे जातो. म्हणून कारागिराने काच पातळ सुचवली आणि किंमत कमी सांगितली, तरी मोहात पडू नये. वरच्या कडेला काचेच्या आडव्या पट्ट्या बसवून घ्याव्यात. जोडकामासाठी मत्स्यपेटीचे सिलिकोनच वापरले आहे, याची खात्री करावी; न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या काही सिलिकोनांत बुरशीनाशक असते आणि ते माशांना बाधते.

घडवंची समपातळीत आहे की नाही, हे गवंड्याच्या पाणसळीने पाहावे. एक कोपरा जरी खाली राहिला, तरी काचेच्या सांध्यांवर असमान ताण येतो. पेटीखाली थर्मोकोलचा तक्ता घातला, म्हणजे बारीक खडा किंवा लाकडाची उंचसखल जागा काचेला टोचत नाही. नवी पेटी दिवाणखान्यात मांडण्यापूर्वी ओसरीवर किंवा गच्चीवर सपाट जागी ठेवून, काठोकाठ भरून दोन-तीन दिवस तशीच राहू द्यावी. गळती व्हावयाचीच असेल, तर ती तेथे झालेली बरी. पेटीवर थेट ऊन येईल अशी जागा टाळावी. नाही तर शेवाळाशी झगडण्यातच रविवार जातील. विजेची तार खटक्याकडे नेताना ती अगोदर खाली लोंबेल आणि मग वर जाईल अशी ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी जोडणीत शिरत नाही. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय आणि खटका बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. ही शिस्त मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

स्थलांतराचा दिवस

जागा ठरली, पेटी गळत नाही हे कळले, की माशांना हलवण्याची तयारी करावी. शक्य असल्यास तीन-चार आठवडे आधी नव्या पेटीसाठी घेतलेली गाळणी जुन्या पेटीत जुन्या गाळणीच्या शेजारीच चालू ठेवावी. तेवढ्या अवधीत अदृश्य कामकरी तिच्यावर वस्ती करतात. ते न जमल्यास जुनी गाळणी जशीच्या तशी नव्या पेटीत लावून निदान सहा आठवडे चालू ठेवावी. कोणत्याही परिस्थितीत जुना स्पंज नळाखाली धुऊ नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जीवाणूंचा नाश करते. तो पिळावयाचाच असेल, तर पेटीतून काढलेल्या पाण्यात पिळावा.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. आदल्या दिवशी नवी वाळू पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन पेटीत पसरावी. पेटी निम्मी भरून वनस्पती लावाव्यात व मग उरलेले पाणी भरावे. नळाचे पाणी असेल, तर त्यातील क्लोरीन घालवण्यासाठी दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे द्रावण योग्य प्रमाणात घालावे, आणि रात्रभर हवेचा पंप चालू ठेवावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पेट्यांतील तापमान सारखे झाले आहे, हे तापमापकाने पाहावे. जुन्या पेटीतील पाणी एकतृतीयांश उरेपर्यंत कमी केले, म्हणजे मासे पकडणे सोपे जाते आणि जाळीच्या पाठलागात ते दमत नाहीत. मासे जुन्याच पाण्याच्या बादलीत ठेवून, तीत नव्या पेटीचे पाणी पेला-पेला करून अर्धा-पाऊण तास मिसळावे, आणि मग त्यांना हलकेच नव्या घरात सोडावे. गाळणीचा स्पंज या सर्व वेळात ओला राहील, आणि तासाभरात पुन्हा चालू होईल, अशी काळजी घ्यावी. जीवाणूंनाही प्राणवायू लागतो.

त्या दिवशी खाद्य देऊ नये. पुढील पंधरा दिवस नेहमीच्या निम्मे द्यावे आणि एक दिवसाआड अमोनिया व नायट्राइट तपासावे. कोणतेही एक दिसू लागले, की पेटीतील चौथा हिस्सा पाणी बदलावे. नव्या माशांची खरेदी एक महिना पुढे ढकलावी. हा महिना घरातील मुलांच्या संयमाची परीक्षा पाहतो खरा. पण एका वहीत रोजचे तापमान, तपासणीचे आकडे आणि माशांची हालचाल लिहून ठेवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले, तर तोच महिना शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकापेक्षा अधिक शिकवून जातो.

नवे पाहुणे कोणते?

जागा वाढली म्हणून कोणताही मासा चालेल असे नाही. दुकानात बोटाएवढा दिसणारा आणि ‘शार्क’ या नावाने विकला जाणारा पंगस मूळचा मेकाँग नदीतील असून तो एक मीटरहून अधिक वाढू शकतो. ऑस्कर ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. साधा गोल्डफिशसुद्धा नीट सांभाळला, तर हातभर होत नसला तरी वीतभर सहज होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. ‘मासा पेटीच्या मापानेच वाढतो’ असे दुकानदार सांगतात. पण दाटीत आणि घाणीत माशाची वाढ खुंटते ती आजाराने खुंटते, समजूतदारपणाने नव्हे.

चार फुटांच्या पेटीला शोभतात ते थव्याने राहणारे लहान मासे. आठ-दहा झेब्रा डॅनिओ एकत्र ठेवले, तर त्यांची धाव पाहण्यासारखी असते. हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील आपलाच मासा जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला आहे. रोझी बार्ब, हनी गोरामी हेही याच भूमीचे. बंगालमधील हावडा आणि चेन्नईतील कोळत्तूर येथे शोभिवंत माशांच्या पैदाशीवर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तेथे पैदास केलेले मासे घेतले, तर रानातील ओढ्यांवर ताण पडत नाही. सह्याद्रीच्या दक्षिण भागातील नद्यांत राहणारा, लाल-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब फार देखणा असतो. २०१३ साली त्याच्या गणाला ‘सह्याद्रिया’ असे नाव देण्यात आले. परंतु परदेशी पाठवण्यासाठी झालेली बेसुमार पकड हे त्याच्या ऱ्हासाचे एक कारण असून, त्याची गणना आज संकटग्रस्त प्रजातींत होते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या याद्या २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने करण्यात आल्या आहेत. म्हणून दुर्मिळ देशी मासा घेण्यापूर्वी शासनाच्या संबंधित खात्याकडे चौकशी करावी.

जुनी लहान पेटी विकून टाकू नये. ती नव्या पाहुण्यांसाठी धर्मशाळा आणि आजारी माशांसाठी रुग्णालय होते. नवा मासा दोन-तीन आठवडे तीत ठेवून, तो निरोगी आहे असे पाहून मगच मोठ्या पेटीत सोडावा. एका रोगट माशाने सारी पेटी साफ झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

पाणी, वीज आणि विवेक

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावयाचे, तर सुमारे ६० लिटर पाणी लागते. ज्या गावी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा विचार पेटी घेण्याआधीच झाला पाहिजे. काढलेले पाणी मोरीत सोडू नये; त्यातील नायट्रेट झाडांना पोषक असते, आणि तुळशीपासून मोगऱ्यापर्यंत सर्वांना ते चालते. मासे थोडे आणि वनस्पती भरपूर असतील, तर नायट्रेट तपासून पाणी बदलण्याचे प्रमाण कमीही करता येते.

उत्तरेकडील हिवाळ्यात उष्णक लागतो. ढोबळ मानाने लिटरला एक वॅट धरतात. २४३ लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे पाव युनिटहून थोडी अधिक वीज खर्च होते. म्हणजे २५० वॅटच्या उष्णकाला त्यासाठी तासाहून जास्त वेळ लागतो. चेन्नई किंवा कोची येथे उष्णकाची गरज सहसा भासत नाही. तेथे प्रश्न उलटा असतो. पाणी जितके तापते, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशाला लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशाला ७ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणून उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागाची हालचाल वाढवावी, आणि वीज जाण्याचा संभव असेल तेथे विजेरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवावा.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पेटी आवरावयाची वेळ आली किंवा एखादा मासा फार वाढला, तर त्याला ‘मोकळे’ करण्याच्या सद्‌हेतूने नदीत, तळ्यात वा विहिरीत सोडू नका. काच साफ ठेवतो म्हणून घरोघर आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा अशाच रीतीने आपल्या जलाशयांत पोहोचला. पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशापासून आंध्र, तामिळनाडू आणि केरळपर्यंत तो पसरला असून, त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात आणि देशी माशांचे अन्न व जागा हिरावली जाते. आपल्याला एका जीवाची दया येते, त्याची किंमत नदीकाठचे एखादे कुटुंब मोजते. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा दुसऱ्या छांदिष्टाच्या स्वाधीन करावा.

तात्पर्य, मोठी मत्स्यपेटी घ्यावी. पण माशांची संख्या वाढवण्यासाठी नव्हे, तर आहेत त्या माशांना ऐसपैस जगता यावे म्हणून घ्यावी. आणि हिशेब मांडल्यावर जागा, पाणी वा सवड पुरेशी नाही असे दिसले, तर दोन फुटांची स्वच्छ पेटी आणि तीतील सहा सुखी मासे यांत कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.